मांडूचे दारुश्शिफा आणि भिल्लांचे वनौषधिज्ञान

इंदूरहून सुमारे १०० किलोमीटरवर, धार जिल्ह्यात मांडूचा किल्ला आहे. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी (कारकीर्द १४३६ ते १४६९) याने १४४५ मध्ये येथे दारुश्शिफा म्हणजे रुग्णालय स्थापन केले व हकीम नेमले. त्याचा पुत्र गियासशाह याच्या दरबारात सुरू झालेल्या ‘निमतनामा’ या सचित्र ग्रंथात पाककृतींबरोबरच औषधांच्या कृतीही आहेत. त्याची हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मांडूभोवतीचा डोंगराळ मुलूख प्रामुख्याने भिल्ल व भिलाला समाजांचा. झाडपाल्याची त्यांची माहिती बडवा, म्हणजे देवकार्य व उपचार करणारा जाणता, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्या तोंडी राहिली. युनानीतील ‘इत्रीफल’ हे नाव मूळ त्रिफळ्याचे. त्यातील हिरडा, बेहडा व आवळा ही जंगलात मिळणारी फळे. औषधाचे नाव, प्रमाण आणि कृती ग्रंथात आली. फळ केव्हा तोडावे, हे जाणणाऱ्यांची नावे मात्र आली नाहीत.

हे मौखिक ज्ञान गोठलेले होते असेही नाही. मांडूची प्रसिद्ध ‘खुरासानी इमली’, म्हणजे आपली गोरखचिंच, मूळची आफ्रिकेतील. अरब व्यापाऱ्यांमार्फत ती सल्तनतकाळात येथे आली, असे मानले जाते. परक्या मुलखातील या झाडाचे आंबट फळ स्थानिक लोकांनी आपलेसे केले व ते आजही मांडूत विकले जाते.

लिखित आणि मौखिक यांतील ही विषमता आजही संपलेली नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचा मुख्य आधार आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभवाटपाची तरतूद झाली. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाच्या वापराला त्यातून सूट दिली. एकच वनस्पती ग्रंथातही आणि बडव्याच्या तोंडीही असेल, तर ग्रंथाचा आधार दाखवून त्या समाजाचा वाटा टाळला जाण्याचा धोका आहे.

इंदूरच्या महाविद्यालयांत धार, झाबुआ, बडवानीकडील आदिवासी विद्यार्थी शिकतात. त्यांनी आपल्या गावातील जाणत्यांची संमती घेऊन, त्यांच्या नावानिशी व त्यांच्याच बोलीत नोंदी कराव्यात आणि त्या गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत जाव्यात, यासाठी शिक्षकांनी पुढाकार घ्यावा. युनानीचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या समाजावर तर हे ऋणच आहे.