ब्राइड्समेडच्या ड्रेसचे पैसे कोणी द्यायचे?

मैत्रिणीचं लग्न ठरतं, व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो आणि त्यात एका लेहेंग्याचा फोटो येतो. 'सगळ्यांनी हाच घ्यायचा!' सगळ्या होकार देतात, पण पैसे कोण देणार हे कुणीच विचारत नाही. पुढची नाराजी इथूनच सुरू होते.

आपल्याकडची रीत काय?
मराठी लग्नात नवरीच्या पाठीशी करा किंवा दिवा घेऊन उभी राहते ती करवली. बहुतेकदा ती बहीण असते. करवली मानाची, म्हणून तिला साडी किंवा ड्रेस लग्नघरातून मिळतो. कान पिळणाऱ्या नवरीच्या भावाला वरपक्ष कपडे देतो, तसंच हे.

मग ब्राइड्समेड हे नवं फॅड आहे का?
कुर्ल्यात तरी नाही. इथलं होली क्रॉस चर्च पोर्तुगीज काळातलं, १८४८ मध्ये पुन्हा बांधलेलं. कॅथलिक लग्नात धर्मगुरूंसमोर दोन साक्षीदार लागतात. अनेकदा बेस्ट मॅन आणि ब्राइड्समेड हेच साक्षीदार म्हणून सही करतात. नवीन आहे तो एकसारख्या ड्रेसचा आग्रह. तो आता सगळ्याच समाजांच्या लग्नांत दिसतो.

गोंधळ का होतो?
अमेरिकेत ब्राइड्समेड साधारणपणे स्वतःच्या ड्रेसचे पैसे स्वतः देते. ब्रिटनमध्ये हा खर्च बहुतेकदा नवरा-नवरी किंवा घरचे करतात. नवरी अमेरिकन रील्स बघून ठरवते आणि मैत्रीण करवलीचा मान धरून चालते. दोघींपैकी कुणीच चूक नसते.

मार्ग कोणते?
साधा नियम: ज्याची अट, त्याचा खर्च.

- ठरावीक ड्रेसच हवा असेल, तर पैसे नवरीकडचे.
- बजेट कमी असेल, तर कापड नवरीचं, शिलाई मैत्रिणीची.
- फक्त रंग ठरवायचा असेल, तर प्रत्येकीने घरातलाच ड्रेस किंवा साडी नेसावी.
- एका दिवसापुरताच लेहेंगा हवा असेल, तर भाड्याने घ्यावा.

हिशेब आधी मांडा. समजा, लेहेंगा ४,००० रुपयांचा आणि मैत्रिणी ५, तर २०,००० रुपये झाले. फिटिंग, मेकअप, चपला वेगळ्या. नवरीला हा आकडा जड वाटत असेल, तर नोकरीला नुकत्याच लागलेल्या मैत्रिणीला ४,०००सुद्धा जड वाटू शकतात.

कसं बोलायचं?
नवरीने फोटोसोबतच लिहावं: 'ड्रेस माझ्याकडून, मेकअप तुमचा तुम्ही बघा.' मैत्रिणीला परवडत नसेल, तर ग्रुपवर नको, नवरीला एकटीला फोन करावा: 'अगं, मी नक्की येणार, पण एवढा खर्च जमणार नाही. त्याच रंगाची साडी नेसले तर चालेल का?' हे ऑर्डर देण्याआधी विचारलं, तर दोघींनाही अवघड जात नाही.