तीन इन्क्रिमेंटं

नोकरी करता करता शिकणाऱ्याला मालकानं पैसे द्यायची आपल्याकडची सगळ्यात टिकाऊ रीत बँकांची, आणि तीही उफराटी. आधी स्वतः शिका, पास व्हा. मग पगार वाढेल.

हिचं मूळ बँका बुडण्यात आहे. 1913 साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात गेली, पाठोपाठ देशभर कितीतरी बँकांना टाळी लागली. भांडवल अपुरं होतं हे खरंच, पण बँकिंग कळणारी माणसंही नव्हती. लंडनमध्ये बँकवाल्यांची परीक्षा घेणारी संस्था 1879 पासून होती. तिच्या वळणावर 1928 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स निघाली आणि तिची परीक्षा पुढे सीएआयआयबी म्हणून घरोघर ठाऊक झाली. निदान ज्या घरात बँकवाला होता, तिथे.

अभ्यास कोरडा, पण काउंटरवरचाच. क्रॉस केलेला चेक कारकून रोज वसुलीला घेई. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 131 वाचलं की त्याला कळे, खातेदाराची ओळख आणि चेकची मागची बाजू नीट पाहायला साहेब का सांगतात: बँकेनं सद्भावनेनं आणि हयगय न करता वसुली केली असेल, तर चेक चोरीचा निघाला तरी खऱ्या मालकाला ती देणं लागत नाही. हयगय झाली, की ते संरक्षण गेलं.

मात्र कामावरून थकून आल्यावर कलमं पाठ कोण करणार? ती ओढ पगारानं लावली. लवादांचे निवाडे आणि 1966 पासूनचे द्विपक्षीय करार यांतून ही वाढ युनियननं पक्की करून घेतली. परीक्षेचे भाग दोन: कारकुनाला पहिल्या भागाला एक इन्क्रिमेंट, दुसऱ्याला दोन. अधिकाऱ्याला प्रत्येकी एक. पहिल्या भागाला आता जेएआयआयबी म्हणतात. संस्थेचंही नाव बदललं, पण परीक्षेची अक्षरं तीच राहिली.

फी परत मिळते, पण तो किरकोळ भाग. इन्क्रिमेंट मूळ पगारात पडतं. त्यावर महागाई भत्ता, पुढे भविष्यनिर्वाह निधी किंवा पेन्शन. पंचविशीत पास झालेला पस्तीस वर्षं ते खातो, पन्नाशीत पास होणाऱ्याच्या वाट्याला दहाच. नापास झाला तर गेलेल्या संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या. बँकेनं हा धोका अंगावर घेतला नाही, हे मला या योजनेतलं सगळ्यात हिशेबी कलम वाटतं.

एक अडचण तेवढी उरली. वेतनश्रेणीच्या टोकाला पोचलेल्याला पुढचं इन्क्रिमेंट द्यायचं कुठून? त्यासाठी करारात वेगळी रक्कम आली, प्रोफेशनल क्वालिफिकेशन पे. बँकेत तिला नुसतं पीक्यूपी म्हणतात आणि दर नव्या करारात तिचा आकडा वाढवून घेण्यावरून वाटाघाटी होतात.