मंद दिव्याचा वीजखर्च

शयनगृहात रात्रभर तेवणाऱ्या ‘झिरो’च्या दिव्याला वीज लागतच नाही, असा समज अनेक घरांत रूढ आहे. प्रत्यक्षात तंतूचा जुना झिरो बल्ब १० ते १५ वॅट वीज घेतो. १५ वॅटचा असा दिवा रोज दहा तास जळला, तर वर्षाकाठी सुमारे ५५ युनिटे खर्ची पडतात. दिवाणखान्यातील ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावूनही वर्षाचा खर्च साडेसोळा युनिटांपलीकडे जात नाही.

वॅट हे प्रकाशाचे नव्हे, वीजवापराचे माप आहे. प्रकाश मोजला जातो तो ल्युमेनमध्ये. तंतूच्या बल्बमधून वॅटमागे साधारण १० ते १५ ल्युमेन मिळतात; बाकी बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. सीएफएल ५० ते ७० ल्युमेन देतो, तर चांगला एलईडी १०० किंवा त्याहूनही अधिक. म्हणूनच ६० वॅटच्या जुन्या बल्बची जागा ९ वॅटचा एलईडी घेऊ शकतो. खरेदीच्या वेळी खोक्यावरील वॅटइतकेच ल्युमेनही वाचावेत.

डिमर बसवला की तितकीच बचत होते, हाही असाच एक अर्धसत्य समज. तंतूच्या बल्बचा विद्युतदाब १० टक्क्यांनी घटवला, तर वीजवापर सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. प्रकाश मात्र तब्बल ३० टक्क्यांनी. तंतू जितका थंड, तितका त्याचा प्रकाश तांबूस आणि महाग. बल्बचे आयुष्य वाढते, एवढाच काय तो लाभ. एलईडीचे तसे नाही. त्याचा प्रकाश कमी केला, की वीजही जवळजवळ त्याच प्रमाणात कमी लागते.

अडचण वेगळीच आहे. भिंतीवरचे जुने डिमर तंतूच्या बल्बसाठी घडवलेले असून त्यांतील अनेकांना ठरावीक किमान भार लागतो. ९ वॅटचा एकटा एलईडी तो पुरवू शकत नाही. मग दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा अकाली निकामी होतो. दोष बल्बला दिला जातो, तो बहुधा अनाठायी. खोक्यावर ‘डिमेबल’ असा स्पष्ट उल्लेख असलेला बल्ब आणि एलईडीसाठीचाच डिमर अशी जोडी हवी. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडण्याची हौस तर टाळलेलीच बरी.

भिंतीतील तारांना हात न लावता काम भागवायचे, तर साधे बटण बंद-चालू करून प्रकाशाचे टप्पे बदलणारे एलईडी मिळतात. मोबाइलवरून चालणारे बल्बही आहेत. पण ते विझलेले असतानाही आज्ञेची वाट पाहत थोडी वीज घेत राहतात. ती अर्धा वॅट धरली, तरी वर्षाला चारेक युनिटे होतात. निव्वळ रात्रीच्या उजेडासाठी अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो पुरतो; रोज दहा तास लावल्यास त्याला वर्षभरात दोन युनिटेही लागत नाहीत.