दाव्यामागची हाक

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण एक पत्र घेऊन घरी आली. मेहुणे अपघातात गेले होते. त्यांच्या नावावर अपघात विमा होता हे कुणालाच ठाऊक नव्हते. पेटी आवरताना कागद सापडला तोवर आठ महिने उलटले होते. पत्रात कामाची ओळ एकच : मुदतीत क्लेम दाखल केला नाही, सबब नामंजूर.

"दादा, क्लेम म्हणजे नेमकं काय रे? पैसे तर त्यांनी भरलेच होते ना?"

सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात मी पंचवीस वर्षे कामगारांचे फंडाचे अर्ज भरले. हा शब्द रोज लिहिला. तरी उत्तर देता आले नाही, आणि मी शब्दकोश काढून बसलो.

लॅटिनमध्ये 'क्लामारे' म्हणजे ओरडणे, मोठ्याने हाक मारणे. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला, साधारण १३०० च्या सुमाराला. गलक्याला इंग्रजीत 'क्लॅमर' म्हणतात, जाहीर घोषणेला 'प्रोक्लेम'. सगळी एकाच घरातली भावंडे. त्यातले 'रिक्लेम' मजेशीर आहे. शिकारी ससाण्याला हाकारून परत हातावर बोलावणे, हा त्याचा एक जुना अर्थ. वांद्रे रिक्लेमेशनवरून जाताना आता मला समुद्राला घातलेली हाक आठवते. (समुद्र दर पावसाळ्यात प्रतिदावा करतो, ते वेगळे.)

हक्क सांगणे आणि ओरडणे यांचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या मुलखाची जमीन-पाहणी करवली. तिच्या डूम्सडे बुकात लिंकनशायर आणि यॉर्कशायरच्या वादग्रस्त जमिनींची वेगळी प्रकरणे आहेत. त्यांचे नावच 'क्लामोरेस', म्हणजे आरोळ्या. पुढच्याच वर्षी विल्यम वारला. काँ गावच्या मठात त्याचे दफन चालू असताना आसलँ नावाचा माणूस गर्दीतून पुढे आला आणि ओरडून म्हणाला की ही जागा माझ्या बापाची, राजाने बळकावलेली. इथे पुरू देणार नाही. शेजाऱ्यांनी साक्ष दिली. थडग्यापुरत्या जागेचे साठ शिलिंग त्याच्या हातावर ठेवले, तेव्हा विधी पुढे सरकला. ही हकिकत ऑर्डरिक व्हिटॅलिस या इतिहासकार भिक्षूने लिहून ठेवली आहे.

नॉर्मंडीतला हा रिवाज जर्सी आणि गर्न्सी बेटांवर कायद्यात अजून टिकून आहे. आपल्या हद्दीत कुणी अतिक्रमण करत असेल तर जागेवरच गुडघे टेकायचे, साक्षीदारांदेखत तीनदा 'हारो' ओरडायचे आणि राजाला साद घालायची की माझ्यावर अन्याय होतो आहे. समोरच्याला काम तिथेच थांबवावे लागते. पुढचे न्यायालय पाहते. विनाकारण ओरडणाऱ्याला दंड होतो.

पण हाकेची जागा कागदाने घेतली, की कागदाला मुदत येते. कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आल्यावर १८५१ मध्ये कायदा झाला : स्पेन किंवा मेक्सिकोच्या अमलातले जमिनीचे हक्क ज्यांना सांगायचे असतील त्यांनी दोन वर्षांत आयोगापुढे क्लेम मांडावा, नाहीतर जमीन सरकारजमा. कुपा नावाच्या गरम झऱ्यांच्या गावात कुपेन्यो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांनी क्लेम मांडला नाही. आपल्याच घरात राहण्यासाठी अर्ज करायचा असतो हे त्यांना कोण सांगणार? १९०१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुदतीत क्लेम नाही, म्हणून हक्क नाही. १९०३ च्या मे महिन्यात त्यांना गाड्यांत घालून पाला इथे हलवले. माझ्या बहिणीच्या पत्रातली ओळ आणि हा निकाल शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो होतो.

नुसते 'असे माझे म्हणणे आहे' या अर्थाने इंग्रज आज 'क्लेम' वापरतात. तो वापर विल्यम स्ट्रंकसारख्या व्याकरणकारांना १९१८ सालीही खटकत होता. मला त्यांची बाजू पटते. हक्क नसताना नुसत्या बोलण्याला तो शब्द देणे म्हणजे त्याचे वजन उतरवणे.

मग मी आपल्या शब्दांकडे वळलो आणि चकित झालो. 'दावा' अरबी. त्याचा धातू बोलावणे, हाक मारणे या अर्थाचा. 'दावत' आणि 'दुआ' त्याचेच. 'फिर्याद' फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेला टाहो. मराठेशाहीच्या महजरांत भांडणारे दोन पक्ष अग्रवादी आणि पश्चिमवादी. तिथेही बोलणेच, 'वद्' धातू. तीन भाषा, आणि तिन्हींत हक्क तोंडाने सुरू होतो. मराठीने 'दाव्या'त वैरही भरले. 'उभा दावा' हा प्रयोग त्यातलाच. लहानपणी मात्र मला वाटे की 'दाव्या'चा संबंध गुरांच्या दाव्याशी आहे, ज्याचे त्याने बांधून ठेवायचे.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत मला या जुन्या आवाजाची खूण सापडली. तिथे दावे ग्रामसभेपुढे येतात, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो असा दावा करून.

बहिणीच्या प्रकरणात मला विमा नियामकाचे २०११ चे परिपत्रक सापडले. उशीर अपरिहार्य कारणाने झाला असेल तर केवळ मुदतीवर बोट ठेवून खरा क्लेम फेटाळू नये, असे त्यात कंपन्यांना बजावले आहे. ते जोडून मी वरच्या कार्यालयाकडे अर्ज लिहिला. विषयाच्या ओळीत 'दावा' लिहिले होते.

"क्लेमच लिही," ती म्हणाली. "त्यांना तोच शब्द कळतो."

मी खोडून क्लेम लिहिले. निकाल अजून यायचा आहे.