बंदर ओलांडल्यानंतरचा कायदा

परदेशातून मजूर येऊ द्यावेत का आणि द्यायचे तर किती, या दोन प्रश्नांतच स्थलांतराच्या धोरणाचा वाद बहुतेक वेळा संपतो. मॉरिशसचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास वाचला, तर त्याहून मोठा प्रश्न तिसराच होता असे दिसते. बंदर ओलांडून आत आलेल्या मजुराला मालक न आवडल्यास काम सोडता येते का? १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे करारावर या बेटावर उतरली आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश परत गेली. १८६१ च्या शिरगणतीपर्यंत बेटाच्या लोकसंख्येत हिंदी लोक साठ टक्क्यांच्या वर पोचले होते. एवढ्या मोठ्या उलथापालथीचे बरेवाईट परिणाम सहसा आलेल्यांच्या संख्येवर टाकले जातात. पण मजुरी दबली ती आणि पुढे काही घरे वर आली तीही, दोन्ही गोष्टी समजून घ्यायला संख्येपेक्षा कायद्याची कलमे अधिक उपयोगी पडतात.

सुरुवात साखरेपासून झाली. १८२५ साली ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेला वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लावली आणि बेटावर उसाचे पीक झपाट्याने पसरले. दहा वर्षांनी, १८३५ च्या फेब्रुवारीत, तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक गुलामांच्या बदल्यात मालकांना वीस लाख पौंडांवर भरपाई मिळाली. खुद्द गुलामांना काही मिळाले नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे त्याच मळ्यांवर राबावे लागले. १८३९ मध्ये तेही बंधन सुटले, तेव्हा बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांनी पर्यायाची सोय आधीच करून ठेवली होती. कलकत्त्याहून निघालेल्या ‘अॅटलस’ जहाजातून १८३४ च्या नोव्हेंबरात छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढे भरतीतल्या फसवणुकीचा बोभाटा झाला, म्हणून हिंदुस्थान सरकारने १८३९ मध्ये ही वाहतूक बंद केली. बंदीच्या काळात मजूर दुर्मिळ झाले, मजुरी चढली आणि मळेवाल्यांची ओरड लंडनपर्यंत गेली. १८४२ मध्ये सरकारी देखरेखीच्या अटीवर वाट पुन्हा खुली झाली आणि १८४३ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे बेटावर आली. वाट बंद करणे आणि उघडणे हे मजुरीचा भाव ठरवण्याचे साधन आहे, हे या तीन-चार वर्षांतच स्पष्ट झाले होते.

तरीही नुसत्या आवकीने भाव कायमचा दबून राहत नाही. आलेला माणूस दुसरीकडे जास्त पैसे मिळाले की तिकडे जातो आणि काही काळाने मालकांतच चढाओढ लागते. मॉरिशसच्या कायद्याने नेमकी हीच चढाओढ रोखली. करारात पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा असे. नव्याने उतरणाऱ्यांसाठी हा आकडा पुढे कित्येक वर्षे फारसा हलला नाही. एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापण्याची तरतूद होती. म्हणजे आजारी पडलेला किंवा चौकीवर तक्रार द्यायला गेलेला मजूर महिनाअखेरीस मालकाचाच देणेकरी ठरू शकत असे. करार मोडणे हा दिवाणी मामला नव्हता. त्यासाठी तुरुंग होता. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला परतीचा फुकट प्रवास बंद झाला आणि घरी जाण्याचा धाक दाखवून चार पैसे वाढवून घेण्याची सोयही गेली. १८६७ च्या कायद्याने यावर कळस चढवला. करार पुरा केलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही छायाचित्र चिकटवलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की पोलीस भटक्या ठरवून पकडत. भटक्या ठरण्यापेक्षा पुन्हा करारावर अंगठा उठवणे परवडत असे, आणि कायद्याचा रोखही तोच होता.

यावर पहिला आक्षेप असा की ही माणसे स्वखुशीने आली होती. ह्यू टिंकर यांनी १९७४ च्या ग्रंथात या पद्धतीला गुलामगिरीचीच नवी आवृत्ती ठरवले. त्यानंतर मरीना कार्टर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले की अनेक मजूर गावी जाऊन नातेवाइकांना घेऊन परत येत आणि आपला हिशेब त्यांना कळत असे. हे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. मुंबई बंदरातून गेलेल्या रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागांतल्या मराठी मजुरांचे उदाहरण याला पुष्टीच देते. १८५० नंतर मुंबईत रेल्वे, गोदी आणि गिरण्यांची कामे निघाली, अमेरिकी यादवीच्या काळात कापसाच्या तेजीने मजुरी वाढली, आणि मुंबईहून मॉरिशसला जाणाऱ्यांचा ओघ आटत गेला. कोकणच्या माणसाला जवळचा पर्याय मिळाला तेव्हा त्याने समुद्रापारचा करार नाकारला. पण यातून सिद्ध होते ते एवढेच, की निघताना निवड होती. उतरल्यावर ती राहत नसे, आणि निघताना दिलेल्या संमतीवर पुढच्या सगळ्या वर्षांचे समर्थन उभे करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हिंदी मजूर आले नसते तर मुक्त झालेल्या गुलामांना आपल्या श्रमाची चांगली किंमत मिळाली असती, हे नाकारता येत नाही. बंदीच्या काळातली चढती मजुरी त्याचा पुरावा आहे. त्या समाजाचे वंशज, क्रिओल, आजही बेटावर मागे पडलेले आहेत. मात्र त्यांना ज्यांनी मागे ढकलले ते पाच रुपयांचे मजूर नव्हते. भरपाई मालकाला, जमीन मालकाकडे, आणि मजूर आणण्याच्या खर्चाचा बराच भार सार्वजनिक तिजोरीवर, ही वाटणी आधीच झालेली होती. नव्या मजुराला मालक बदलण्याचा हक्क असता, तर त्याची आणि मुक्त झालेल्या गुलामाची मजुरी एकत्र वाढली असती. एकाला जखडल्यामुळे दुसऱ्याचाही भाव पडला. २००९ मध्ये मॉरिशसने नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी यांची चौकशी एकत्र केली, ती योग्यच होती.

मग या हिंदी मजुरांचे वंशज पुढे जमीनमालक आणि राज्यकर्ते कसे झाले? पद्धत इतकी वाईट असती तर हे घडले असते का, असा तिसरा आक्षेप येतो. घटनाक्रम पाहिला की त्याचे उत्तर मिळते. १८७१ मध्ये मळा चालवणाऱ्या आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. त्यातून फ्रेअर आणि विल्यमसन यांचा शाही आयोग आला, त्याचा अहवाल १८७५ मध्ये निघाला आणि १८७८ मध्ये मजुरीचा नवा कायदा झाला. त्याच सुमारास साखरेचे भाव घसरले आणि अडचणीतले मळेवाले जमिनीचे तुकडे पाडून विकू लागले. पै-पै जोडलेल्या मजुरांनी, आणि त्यांच्याहून आधी सरदारांनी, म्हणजे मळ्यांवरच्या मुकादमांनी, ते घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी उसाखालच्या जमिनीपैकी जवळजवळ एक तृतीयांश हिंदी लोकांच्या हाती होती. यात साखरेच्या मंदीचा वाटा मोठा आहे, हे खरे. पण जमीन विकायला निघाली तरी घेणाऱ्याला मळ्याबाहेर राहण्याची मोकळीक हवी, आणि ती पोलिसी जाच ढिला झाल्यावरच मिळाली. गावोगावच्या ‘बैठकां’त, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या शाळांत, मुले अक्षरे गिरवू लागली. १९४८ मध्ये बेटावरच्या कोणत्याही भाषेत लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले, तेव्हा त्या अक्षरांचे सत्तेत रूपांतर झाले. हे यश करारपद्धतीच्या खात्यावर मांडता येणार नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत संपूर्ण बंद करण्याचा ठराव मांडला. मजूर आणि मळेवाला हे करारातले समान पक्ष नाहीत, आणि ज्या फौजदारी शिक्षेची मजुराला कल्पनाही नसते ती त्याच्यावर लादली जाते, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. सरकारी मतांच्या जोरावर ठराव पडला, पण १९२० उजाडेपर्यंत पद्धत मोडीत निघाली. विशेष म्हणजे गोखल्यांनी माणसांनी समुद्र ओलांडण्यालाच विरोध केला नाही. त्यांचा रोख करारावर होता. आखातातल्या देशांत आजही व्हिसा एकाच मालकाशी बांधण्याची चाल पुरती संपलेली नाही, आणि भारतीय कामगारांना ती चांगलीच ओळखीची आहे. अशा धोरणाची परीक्षा दरवर्षी किती व्हिसा दिले या आकड्याने होणार नाही. मालकाला न विचारता नोकरी बदलता येते का, पासपोर्ट कोणाच्या कपाटात असतो आणि तक्रार केली म्हणून मजुरी कापली जाते का, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. त्यांची उत्तरे कामगाराच्या बाजूची असतील, तर बाहेरून आलेल्या माणसामुळे स्थानिक मजुराचा भाव पाडणे कोणत्याही मालकाला सोपे जाणार नाही.