राबाचे रान, उसाचे बेट

आमच्या खापरपणजोबांची मॉरिशसच्या नोंदवहीत एकच ओळ आहे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी, अंगावरची खूण. हाताला काय काय येत होते, ते त्या ओळीवरून कळत नाही. तेव्हापासून आपण सगळेच ‘अडाणी मजुरांची मुले’ ठरलो. वर्गात मुलांना मराठी शिकवताना हे शब्द मीही वापरले आहेत. आता ते मागे घ्यावेत, म्हणून हा लेख.

कोकणातला शेतकरी नुसते भात लावत नसे. उन्हाळ्यात तो ऐन-किंजळावर चढून फांद्या तोडी, पण बुंधा आणि शेंडा राखी, म्हणजे झाड पुन्हा फुटे. तो पाला, शेण आणि गवत रोपाच्या जागेवर पसरून वर मातीचा थर देत आणि पाऊस येण्याआधी भाजत. याला राब म्हणतात. त्या राखेत भाताचे रोप जोमाने येई आणि तण जळून जाई. वरकस जमिनीत नाचणी-वरी आलटूनपालटून घेत. पडीक वर्षी तिथे गुरे चरत आणि त्यांचे शेण पुन्हा राबाला येई. बांधावर आंबा, घराशी फणस, परड्यात बांबू. ऐन-किंजळाचे खांब आणि वासे, फणसाची दारे. आज हिला वनशेती म्हणतात. भारताने तिचे राष्ट्रीय धोरण २०१४ साली केले.

झाडाची किंमत सत्तेलाही ठाऊक होती. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहिले, की आरमारासाठी आंबा-फणस तोडू नयेत. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून पैसे देऊन घ्यावे.

हे सारे जाणणारी माणसे १८३४नंतरच्या काळात उसाच्या बेटावर उतरली. तिथे मळ्यात झाडाला जागा नव्हती. एबनीची राने गेली होती, शेतातले दगड वेचून त्यांचे ढीग रचण्याचे काम होते. १८७०-८०च्या पुढे मळेवाले कडेच्या जमिनीचे तुकडे विकू लागले, तेव्हा आपल्या लोकांनी पै-पै साठवून ते घेतले. ऊस लावला खरा, पण गोठ्यात गाय आली, तिला उसाची वाढे घातली आणि घरामागे फणस लागला. आमच्या आजीच्या घरी हाच मांड होता. राब मात्र कुणी भाजला नाही, कारण भातच नव्हते.

सध्या मी लेकीकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत आहे. हे गावच लाकडाचे! फ्रँक पेज या लाकूडवाल्याने १८५४ साली इथे सुमारे ३०० एकर जमीन घेतली आणि लाकडाची गिरणी घातली. गाव १८७१ साली अधिकृत झाले. वसाहतीच्या काळात या मुलखातले पाइनचे डांबर इंग्रजांच्या जहाजांना जाई. लांब सुयांच्या पाइनची राने अमेरिकेच्या दक्षिणेत सुमारे नऊ कोटी एकर होती, आता त्यातली थोडीच उरली आहेत. त्या पाइनखालीही गुरे चरत आणि गवताला आग लावत. पेजने बांधलेले हॉटेल आज कला आणि इतिहासाचे केंद्र आहे. तिथे मी नातवाला नेले.

त्याने विचारले, “आजी, आपले आजोबा झाडे तोडायचे का?”

“फांद्या तोडायचे,” मी म्हटले. मग कागदावर ऐन काढला आणि शेंडा कुठे राखायचा, ते पेन्सिलीने दाखवले.