ठराव झाला, पण तळे खुले झाले का?

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. आपण तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून लक्षात ठेवतो. त्यात विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि कोर्टकचेऱ्यांबरोबर सार्वजनिक दवाखानेही होते, हे मात्र विसरतो. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे कागदावर खुले केले. अस्पृश्यांची ओंजळ पाण्याला लागली ती 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा. तीन वर्षे कागद आणि पाणी यांच्यामध्ये जात उभी होती.

तृतीयपंथी समाजाच्या आरोग्याचा प्रश्न आज नेमका इथेच अडला आहे, असे आम्ही म्हणतो.

15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना रुग्णालयांत योग्य उपचार देण्याचे आदेश दिले. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही त्या खटल्यात बाजू मांडली होती. पुढे 2019 चा कायदा आला. त्याच्या कलम 15 मध्ये संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन आणि विमा आहे. पण यादीत पहिले काय? एचआयव्ही केंद्र! जणू या माणसांना ताप येत नाही, मधुमेह होत नाही, म्हातारपण येत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये जीटी रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी 30 खाटांचा वॉर्ड सुरू झाला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण जीटी आहे सीएसएमटीजवळ. बोरिवली किंवा मुलुंडहून तिथे जायचे तर तीस किलोमीटरच्या आसपास लोकलचा प्रवास, तोही अंगात ताप घेऊन.

"वेगळा वॉर्ड दिला, आता आणखी काय हवे?" असे विचारणाऱ्यांना आमचा सवाल आहे : महाडला वेगळी विहीर खोदून दिली असती, तर प्रश्न मिटला असता का? लढा सगळ्यांच्या तळ्यावरच्या समान हक्काचा होता.

म्हणून कूपर, राजावाडी, भगवती, मुलुंडचे अग्रवाल, या घराजवळच्या प्रत्येक पालिका रुग्णालयात हा हक्क दिसला पाहिजे. केसपेपरवर स्वतःचे नाव आणि लिंगओळख लिहिता यावी. भरती करताना कोणत्या वॉर्डात, हे रुग्णाला विचारून ठरावे. संप्रेरक उपचारांची ओपीडी उपनगरातच असावी. डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सर्वांना प्रशिक्षण मिळावे.

कांदिवलीच्या पालिका रुग्णालयावर बाबासाहेबांचे नाव आहे. सुरुवात तिथून करा. नाव दारावर आणि भेदभाव रांगेत, हे आम्ही चालू देणार नाही.

जय भीम!